दोन नंबरचा रिमोट

महिन्याला पंधराशे. वर एक रुपया नाही.
ऋजुताने फ्रिजवर लिहून ठेवलंय
दुधाच्या हिशेबाखाली.

शुक्रवारी सकाळी साडेसहा, चोर बाजार.
नळाच्या तोट्या, एकेकटे बूट, घड्याळांची रिकामी पोटं,
आणि गोणपाटाच्या कोपऱ्यात एक व्हिडिओ गेम,
जुन्या दातासारखा पिवळा.
मोईज म्हणाला, आठ सौ.
चालतो का, विचारलं.
"चलता तो आठ सौ में देता क्या?"
मग त्याचाच मुद्दा उचलून मी साडेतीनशेवर आणला.
अ‍ॅडाप्टर नाही, वायर नाही,
एकच रिमोट, त्याचंही एक बटण आत गेलेलं.

स्वस्तात जमवायचं तर दुखणी विकत घ्यावी लागतात.

मेलेल्या राउटरचा अ‍ॅडाप्टर होता घरात, नऊ व्होल्टचा,
पण ह्या जातीला उलटं लागतं: आत ऋण, बाहेर धन.
हे ठाऊक नसताना मार्चमध्ये एक जाळला.
वहीत नोंद आहे. चारशे वीस. धूर.

लॅमिंग्टन रोडवरून अल्कोहोलची बाटली,
कानातले बोळे, निवृत्त टूथब्रश.
पार्लरमधली केस भुरे करायची क्रीम फासून
डबा गच्चीत टाकीशेजारी उन्हात ठेवला.
वॉचमन वाकून बघून गेला,
साहेब, लोणचं का?

टीव्ही मात्र फुकट. करमरकर काकू म्हणाल्या, उचला एकदाचा.
चार मजले, लिफ्ट बंद.
तो टीव्ही अजून थोडासा माझ्या कमरेत आहे.

रात्री अकराला चॅनल शोधत बसलो.
मुंग्या. मुंग्या. मुंग्या.
मग एकदम निळं आभाळ
आणि ते चिरकं, तीन सुरांचं संगीत.
ऋजुता स्वयंपाकघरातून म्हणाली, आवाज कमी.
केला.

टिळकनगरला मामाकडे असाच होता.
हेरंबदादा एक नंबर, मी दोन नंबर.
दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटणच नसतं,
तरी मी अख्खी मे महिन्याची सुट्टी
अंगठे लाल होईस्तोवर दाबत होतो.
तो माणूस खड्ड्यात पडला की दादा म्हणायचा,
तू पाडलास.
मी सॉरी म्हणायचो.
खेळ एकट्याचा होता, हे मला नववीत कळलं,
दुसऱ्याच कुणाच्या घरी.

आता कपाटात पाच डबे आहेत,
बावीस कॅसेटी, त्यातल्या चौदांवर
नऊशे नव्व्याण्णव खेळ छापलेत आणि आत सातच.
चार महिने मी एकच गोष्ट मागत फिरलो.
मोईज हसला. दो नंबर का कोई नहीं पूछता, भाई,
जैसे गए वैसे ही आते हैं.
टोपलीतून काढून दिला. तीस रुपये.
खरंच कोरा. बटणांवरची अक्षरंसुद्धा शाबूत.

रविवारी शेजारच्या डिमेलोंचा एरन आला,
चार वर्षांचा, नाकात बोट.
मला पण, म्हणाला.
मी त्याला दोन नंबरचा दिला.
खेळ एकट्याचा होता.

तो उभा राहून खेळला. उडीबरोबर स्वतःही उडाला.
खालच्यांनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.
खड्डा आला, मी जरा उशिरा दाबलं,
पडलो.
एरनने माझ्याकडे पाहिलं.
तोंडाशी आलेलं वाक्य तयारच होतं,
तीस वर्षं जुनं, न वापरलेलं.

माझं चुकलं, म्हटलं. पुढचा तू उडव.

पुढच्या खड्ड्यावरून आम्ही गेलो.
"मी मारली!" तो ओरडला.
हो रे, मस्त मारलीस.

संध्याकाळी वही काढली.
दोन नंबर, तीस रुपये.
शेरा काय लिहावा कळेना.
चालू, असं लिहिलं.